हिरण्यकार कण्हदास आणि ताईचा नवा कॅमेरा

बेडशाच्या लेण्यांचं तोंड पूर्वेला आहे. म्हणजे चांगले फोटो हवे असतील तर सकाळी लवकर पोचायला हवं; दुपार झाली की दर्शनी भाग सावलीत जातो. हे मला ताईनं सांगितलं आणि ताईला कधीतरी दादांनी. दादा म्हणजे तिचे फोटोग्राफर. सहा वर्षं तिच्या प्रत्येक नव्या कलेक्शनचे फोटो त्यांनीच काढले होते. त्या सकाळी मात्र ते आमच्यासोबत नव्हते. दोन आठवड्यांपूर्वी ताईनं त्यांना फोनवर सांगून टाकलं होतं, "पुढच्या वेळेपासून मीच काढीन म्हणते."

ताई माझी मावसबहीण. पुण्यात तिचा कपड्यांचा छोटासा ब्रँड आहे. हातमागाच्या साड्या, खणाचे ब्लाउज, इरकलचे कुर्ते. सुरुवात मावशीच्या हॉलमध्ये दोन शिलाई मशीनवर झाली. आता दिवाळीच्या आधी तिला ऑर्डरी घेणं थांबवावं लागतं. यंदा तिनं पहिल्यांदाच पुरुषांचे कुर्ते काढले होते आणि त्याच महिन्यात एक महागडा कॅमेराही घेतला होता. लेण्यांत रीतसर शूट करायचं, ट्रायपॉड लावायचा, तर पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणून आज नुसती ट्रायल होती. मॉडेल मी. फुकटचा.

पुण्याहून कामशेतपर्यंत गाडीत आमचा वाद चालला होता. ताईचं म्हणणं सरळ होतं. "कापड अंगावर कसं पडतं ते मला कळतं. रंग मला कळतो. माणूस त्या कपड्यात कसा उभा राहिला पाहिजे, तेही मला कळतं. मग उरलं काय? बटण दाबणं!"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मला दोन्हीतलं काही कळत नाही. पण दादांना एका फोनवर बाजूला केलेलं मला खटकलं होतं, आणि खटकणं हा काही मुद्दा होत नाही. मुद्दा मला वर गेल्यावर सापडला. तो दोन हजार वर्षांचा जुना होता.

*

बेडसे गावातून चारेकशे पायऱ्या चढून गेलं की समोर आधी नुसता कातळ दिसतो. लेणं लपलेलं आहे. दोन खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेतून आत शिरलं की मान एकदम वर जाते. सुमारे पंचवीस फूट उंचीचे खांब, त्यांवर उलट्या कमळासारख्या घंटा आणि त्यांच्याही वर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर बसलेली जोडपी. त्यामागे चैत्यगृह, आत स्तूप. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं हे काम.

पण नीट बघितलं तर यातलं बरंचसं दगडाचं नाहीच. म्हणजे आहे दगडाचंच, पण त्याची रूपं लाकडाची आहेत. भिंतीवर कोरलेली वेदिका म्हणजे लाकडी कठडा. उभ्या दांड्यांतून आडव्या दांड्या ओवल्यासारख्या. कमानींच्या पोटात वाशांची टोकं कोरली आहेत. एका अखंड कातळाला वाशांची काय गरज? काहीच नाही. पण ज्यांनी हे कोरलं त्यांना घर म्हटलं की लाकडी घरच ठाऊक होतं. ते घर त्यांनी डोंगरात उतरवलं.

हे वाचताना मला आपल्या फोनमधलं सेव्हचं चिन्ह आठवलं. फ्लॉपी डिस्क वापरातून गेली, ती कधी पाहिलेली नाही अशी मुलं आज कोड लिहितात, पण सेव्ह म्हटलं की चित्र तिचंच. जुन्या माध्यमाची सवय नव्या माध्यमात अशी मुक्कामाला येते.

कधी कधी ती सवय नुसती शोभेची नसते, ती चूक असते. बेडशाहून भाजे आणि कार्ले ही दोन्ही लेणी जवळच आहेत. सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात तिन्ही बघून होतात. बघाच, आणि बघताना खांबांकडे लक्ष द्या. भाजे सर्वांत जुनं. तिथल्या चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला चांगलेच कललेले आहेत. लाकडी मंडपाच्या छताचा भार बाहेर ढकलतो, म्हणून सुतार खांब तिरपे रोवतो. दगडात छत आणि खांब एकाच डोंगराचे. कोण कोणाला ढकलणार? तरी भाज्याच्या कारागिरांनी खांब तिरपे ठेवले. बेडशाला हा कल कमी होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहात खांब सरळ उभे राहतात. थोडक्यात, लाकडाचा एक नियम दगडात लागू नाही हे अंगवळणी पडायला या खोऱ्यातल्या कारागिरांच्या कित्येक पिढ्या गेल्या.

खांबांच्या या तिरपेपणावरून लेण्यांचा क्रम लावता येतो, हे एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसननं मांडलं. हा फर्ग्युसन मुळात बंगालमधला निळीचा व्यापारी. व्यापारात पैसा केला, मग देशभर हिंडून इमारतींची चित्रं काढली आणि भारतीय वास्तुकलेचा पहिला मोठा इतिहासकार झाला. ताईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "बघ! निळीतून वास्तुकलेत गेलाच ना?"

गेला. पण निळीनं त्याला काय दिलं? पैसा आणि मोकळा वेळ. डोळा त्यानं वर्षानुवर्षं उन्हातान्हात लेण्यांसमोर बसून, रेषा मोजून कमावला. एका क्षेत्रातलं यश दुसऱ्या क्षेत्राचं दार उघडतं. आत गेल्यावर काय करायचं हे ते यश शिकवत नाही.

*

बेडशाला कोरणाऱ्याचं नाव नाही. नावं आहेत ती देणाऱ्यांची. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचं दान, असं एका खोलीच्या दारावरचा ब्राह्मी लेख सांगतो. पाण्याच्या टाक्याजवळच्या लेखात एका बाईचं नाव आहे: महाभोजाची मुलगी, आपदेवणकाची पत्नी, महारठिनी सामडिनिका. पैसे देणाऱ्यांचे क्रेडिट्स आहेत, घाम गाळणाऱ्यांचे नाहीत.

पण त्याच काळाच्या आसपास आणखी काही ठिकाणी कारागीर स्वतः बोलतात. ते काय बोलतात ते ऐकण्यासारखं आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारापाशी लेख आहे की दर्शनी भाग आणि दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या माणसानं केलं, वेणुवासाच्या मुलानं. सामी कोण? तर 'वढकी'. म्हणजे सुतार, हिंदीतला बढई तो हाच. महाराष्ट्रातल्या सर्वांत भव्य दगडी चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर सुताराची सही आहे.

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर लिहिलंय की तिथलं कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं. हस्तिदंतावर नखाएवढी चित्रं कोरणारे हात पुरुषभर दगडावर आले.

आणि सर्वांत मला आवडलेला माणूस पितळखोऱ्याचा. कन्नड तालुक्यातल्या दरीत ही लेणी आहेत. तिथं यक्षाची एक मूर्ती सापडली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, पोटाळा, मिश्कील हसणारा यक्ष, डोक्यावर धरलेलं भांडं. त्याच्या हातावर लेख आहे: ही मूर्ती कण्हदासानं केली. कण्हदास कोण? 'हिरण्यकार'. सोनार.

ताईच्या प्रश्नाचं याहून जुनं आणि जवळचं उदाहरण मला तरी माहीत नाही. अंगावर घालायच्या वस्तू घडवणारा एक यशस्वी माणूस दुसऱ्याच माध्यमात गेला आणि काम असं उतरलं की दोन हजार वर्षांनी ते राष्ट्रीय संग्रहालयात आहे. यक्षाच्या गळ्यातले, कानातले दागिने बघा, सोनाराचा हात लगेच ओळखू येतो. पण ते हसू? ते दागिन्यांच्या दुकानात शिकायला मिळत नाही. ते त्यानं दगडापाशी शिकलेलं असणार.

कारण दगडाचा स्वभाव वेगळा. सोनं चुकलं तर वितळवून परत ओतता येतं. लाकडी खांब चुकला तर बदलता येतो. डोंगर बदलता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर तिथं अनडू नाही. सुतार जोडत जातो, लेणं खोदणारा काढत जातो. त्यातही वरून खाली खोदत यावं लागतं, म्हणजे छत आधी आणि जमीन शेवटी. घर बांधण्याच्या बरोबर उलट. सामीचा डोळा जुना चालला असेल, पण हाताला सगळं नव्यानं शिकावं लागलं असेल.

एक गोष्ट मनात घर करून राहिली. एवढी मूर्ती केल्यावरही कण्हदासानं स्वतःला मूर्तिकार म्हणवून घेतलं नाही. सही सोनार म्हणूनच केली. आणि राजमाचीच्या पोटातल्या कोंडाण्याच्या लेण्यात ज्या बलकानं काम केलं, त्यानं तर आपल्या नावाआधी गुरूचं नाव घातलं: कण्हाचा अंतेवासी, म्हणजे शिष्य. एवढ्या उंच कातळावर कायमचं नाव कोरायची संधी मिळाली, आणि माणसानं आधी काय लिहिलं, तर मी अमक्याचा विद्यार्थी.

*

हे सगळं फार जुनं वाटत असेल तर बेडशाहून जरा जवळच्या काळात येऊ. अंतर काही किलोमीटरचंच आहे: मळवली.

राजा रविवर्मा आपल्या काळातला सर्वांत यशस्वी चित्रकार. त्याच्या चित्रांतल्या नायिका आणि देवी ज्या साड्या नेसतात, त्यांनी घराघरातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे देवीचं एकच रूप पक्कं केलं. आज कॅलेंडरवरची लक्ष्मी ज्या थाटात उभी असते तो थाट त्याचा. म्हणजे वस्त्र कळणारा माणूस. १८९४ मध्ये भावाबरोबर त्यानं मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. कल्पना अफाट होती: राजवाड्यातलं चित्र सामान्य माणसाच्या भिंतीवर.

चित्रं घराघरात गेली. कारखाना मात्र तोट्यात गेला. रंग कसे मिसळतात हे माहीत असणं आणि एकेका रंगाचा दगड कसा तयार करायचा, कामगार आणि उधारी कशी सांभाळायची हे माहीत असणं, या वेगळ्या गोष्टी. कर्ज वाढलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेस विकावी लागली. घेतली कोणी? तिथंच काम करणाऱ्या जर्मन तंत्रज्ञानं, फ्रित्झ श्लायशरनं. त्यानं ती चालवून दाखवली. चित्रकारापेक्षा छपाई छपाईवाल्याला जास्त कळत होती, इतकंच.

याच परिसरात या प्रेससाठी काम केलेला आणि नंतर लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढलेला एक माणूस होता: धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा बायोडेटा आजच्या एचआरनं पहिल्या फेरीतच बाजूला ठेवला असता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी, गोध्र्याला फोटो स्टुडिओ. तिथं प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं, स्टुडिओ सुटला. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी. मध्येच जादूचे प्रयोग. मग छपाई. तीन रंगांची छपाई शिकायला १९०९ मध्ये थेट जर्मनी. परत आल्यावर भागीदारांशी मतभेद, छापखानाही सुटला.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि ठरवलं की आपणही हे करायचं. इथं थांबून विचार करा. चित्रकला, फोटो, छपाई, जादू हे सगळं येणारा माणूस. "उरलं काय, हँडल फिरवणं," असं म्हणायचा अधिकार कोणाला असेल तर तो फाळक्यांना. त्यांनी काय केलं? विमा पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, लंडनला जाऊन शिकाऊ म्हणून उभे राहिले. परत आल्यावर पहिला चित्रपट कशाचा काढला? कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचा. रोज थोडं थोडं चित्रण, महिनाभर. नट नाहीत, कथा नाही, नुसतं एक रोप वाढतंय. हा त्यांचा गृहपाठ होता. मग ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'.

वेषभूषा, नेपथ्य, फोटो, जादूतली हातचलाखी, सगळं त्यांच्या चित्रपटांत कामाला आलं. पण आलं ते रोप वाढल्यानंतर.

*

"ही जुनी उदाहरणं झाली," ताई म्हणाली. "लागरफेल्डचं काय?"

बरोबर आहे तिचं. कार्ल लागरफेल्ड हा शनेलचा डिझायनर. १९८७ मध्ये प्रेसला द्यायचे फोटो त्याच्या मनासारखे येईनात, म्हणून त्यानं स्वतः कॅमेरा घेतला आणि पुढं मरेपर्यंत ब्रँडच्या जाहिराती स्वतःच टिपल्या. तिएरी म्यूग्लेरचा किस्सा असा सांगतात की शूट चालू असताना तो हेल्मुट न्यूटनला इतक्या सूचना देत होता की न्यूटन म्हणाला, मग तूच काढ की! त्यानं काढले. एदी स्लिमान २००७ मध्ये दिओर ओम सोडल्यावर काही वर्षं प्रामुख्यानं फोटोच काढत होता. उलट्या दिशेनंही लोक गेले आहेत. सेसिल बीटन मूळचा फोटोग्राफर, आणि 'माय फेअर लेडी'च्या वेषभूषेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. आपल्या भानू अथैय्या तर मूळच्या चित्रकार, जे. जे.च्या विद्यार्थिनी, वडील कोल्हापूरचे चित्रकार आणि फोटोग्राफर. मासिकासाठी फॅशनची रेखाटनं करता करता त्या चित्रपटात आल्या आणि 'गांधी'च्या कपड्यांसाठी भारताचं पहिलं ऑस्कर घेऊन आल्या.

म्हणजे वाट बंद नाही. दोन गोष्टी मात्र वेगळ्या करून बघायला हव्यात. लागरफेल्डला पहिल्या दिवसापासून जगातल्या उत्तम मॉडेल्स, उत्तम प्रकाशयोजना करणारे सहायक आणि छापून येण्याची खात्री होती. हे यशानं दिलेलं. त्याच्या फोटोंत जे चांगलं आहे ते त्यानं तीस वर्षं काढत राहून मिळवलेलं. लोक पहिल्याकडे बघून म्हणतात, "बघा, प्रतिभा सगळीकडे चालते." चालली ती सवलत. प्रतिभेला मागून यावं लागलं.

*

त्या संध्याकाळी ताईच्या घरी आम्ही फोटो लॅपटॉपवर उघडले. दोनशेच्या वर होते. ताई खूश होती. "ही गळ्याची पट्टी बघ, हातशिलाई काय दिसतेय!"

मला पट्टी दिसेना. गडद निळ्या कुर्त्यातला मी काळ्या कातळात विरघळून गेलो होतो. नुसता चेहरा आणि दोन हात तरंगत होते. मागचा खांब मात्र सुरेख आला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मला चांगलंच माहीत आहे. आमच्याकडे स्वतः लिहिलेला कोड स्वतःच तपासायचा नसतो. अडाणीपणामुळे नव्हे, जास्त माहीत असल्यामुळे. मला ठाऊक असतं ते बटण कुठं दाबायचं, म्हणून मी तिथंच दाबतो. लोक भलतीकडे दाबतात. ताईनं ती पट्टी चार वेळा उसवून परत शिवून घेतली होती, म्हणून तिला ती अंधारातही दिसत होती. तिच्या कपड्याकडे पहिल्यांदाच बघणारा डोळा तिच्याकडे नव्हता. असू शकत नव्हता. दादा सहा वर्षं तिला तेच देत होते आणि आम्ही त्याला बटण दाबणं म्हणत होतो.

कापड कळणं तिच्यासोबत कॅमेऱ्यात आलंच होतं. कुर्त्याची घडी कशी पडावी, खांदा कसा वळावा, हे तिनं मला अचूक सांगितलं होतं. सुताराचा डोळा दगडात येतो तसं. पण त्याबरोबर तिरपा खांबही आला होता: आपल्याला जे माहीत आहे ते सगळ्यांना दिसतंच, हा समज. डिझाइनमध्ये तो चालून जातो, कारण गिऱ्हाईक कापड हातात घेऊन बघतं. फोटोत हात लावता येत नाही.

मी हे जरा जास्तच स्पष्ट बोललो असेन. ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ते फोटो दादांना पाठवले. सोबत काय लिहिलं ते मला तिनं दाखवलं नाही. दादांचं उत्तर मात्र दाखवलं: "कपडे सोडून सगळं नीट आलंय. रविवारी ये, निळ्या रंगाला उजेड कसा द्यायचा ते दाखवतो."

या कलेक्शनचे फोटो दादांनीच काढले. जुन्या दरानं नाही. त्यांनी दर वाढवून सांगितला आणि ताईनं गुपचूप दिला. त्या दिवशी रिफ्लेक्टर धरून ती उभी होती, उन्हात, चार तास. कॅमेरा तिनं विकलेला नाही. रविवारी जाते. सध्या तिच्या फोनमध्ये खिडकीत ठेवलेल्या एका रिकाम्या पेल्याचे फोटो आहेत, सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे. कपडा एकाही फोटोत नाही.